संत मॉरिसचे गाव

उत्तर इटलीतील तिरानो हे यात्रेचे गाव आहे. १५०४ साली, महादूत मिखाएलच्या सणादिवशी, २९ सप्टेंबरला, मारिओ ओमोदेई या गृहस्थाला तेथे पवित्र मरियेचे दर्शन घडले अशी भाविकांची श्रद्धा आहे. पुढल्याच वर्षी त्या जागी भव्य मंदिराचा पाया घालण्यात आला. आज त्या मंदिराच्या जवळून, एखाद्या ट्रामसारखी भर रस्त्यातून वाट काढीत, एक लाल आगगाडी जाते. ४२९ मीटर उंचीवरून निघालेली ही गाडी दातेरी रुळांची मदत न घेता बर्निना खिंडीत २,२५३ मीटर उंचीपर्यंत चढते आणि पलीकडे उतरून स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ येथे थांबते. १९१० साली पूर्ण झालेल्या या लोहमार्गाला २००८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला.

वीसेक वर्षांपूर्वी रोममध्ये शिकत असताना आम्ही तिघे धर्मगुरू उन्हाळ्याच्या सुट्टीत या गाडीने गेलो होतो. सकाळी तिरानोच्या मंदिरात मिस्साबलिदान अर्पण केले, पाव आणि चीज बरोबर घेतले आणि गाडीत बसलो. गाडी वळणे घेत वर चढू लागली तेव्हा आमच्यातला एक सोबती हसून म्हणाला, "चला, सकाळी यात्रा झाली, आता सहल!" तेव्हा आम्हीही हसलो. परंतु त्या गावाचा इतिहास पुढे जसजसा वाचत गेलो, तसतसे ते वाक्य आम्हांला अस्वस्थ करू लागले. यात्रा आणि सहल यांची सीमारेषा आपण समजतो तितकी सरळ नाही, हे त्या गावाच्या इतिहासाने आम्हांला शिकविले.

सेंट मॉरिट्झ हे ग्राउब्युन्डेन प्रांतातील एंगादीन खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर वसलेले पाच हजार वस्तीचे गाव. पायथ्याशी सरोवर आणि सभोवती तीन हजार मीटरांहून उंच शिखरे. आम्ही गेलो तेव्हा सरोवरात शिडाच्या होड्या होत्या, पाऊलवाटांवर आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे काठ्या टेकीत चालले होते आणि दूरदूरच्या देशांचे धावपटू विरळ हवेत सराव करीत होते. हिवाळ्यात हेच सरोवर गोठते आणि १९०७ पासून त्या बर्फावर घोड्यांच्या शर्यती होतात. डोंगरउतारावर हजारो लोक बर्फावरून घसरण्याचा आनंद लुटतात. बाराही महिने माणसांनी फुललेले असे हे गाव. त्यांतील कितीजणांना ठाऊक असेल की ज्याच्या नावाने हे गाव ओळखले जाते, तो एक रक्तसाक्षी होता?

संत मॉरिस हा मूळचा इजिप्तमधील थीब्झ प्रांताचा, रोमन सैन्यातील अधिकारी. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस सम्राट मॅक्सिमियनच्या आज्ञेवरून देवदेवतांना बळी अर्पण करण्यास आणि निरपराध ख्रिस्ती जनांवर शस्त्र उगारण्यास त्याने व त्याच्या सोबत्यांनी नकार दिला. म्हणून आल्प्सच्या एका खिंडीजवळ, आगाउनुम येथे, त्यांची कत्तल झाली, असे पाचव्या शतकातील लिऑनचे बिशप युखेरियस यांनी लिहून ठेवले आहे. किती सैनिक मारले गेले याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. परंतु आगाउनुम येथे ५१५ साली बर्गंडीचा राजा सिगिस्मंड याने स्थापन केलेल्या मठात प्रार्थना आजतागायत चालू आहे. २०१५ साली त्या मठाला दीड हजार वर्षे झाली. आल्प्सच्या वाटांवरून जाणारे व्यापारी आणि यात्रेकरू या संताची भक्ती दूरवर घेऊन गेले. एंगादीनमध्ये बाराव्या शतकात त्याच्या नावाचे देऊळ उभे होते आणि देवळावरूनच गावाला नाव मिळाले. स्थानिक रोमान्श भाषेत ते 'सान मुरेत्सान' असे म्हणतात.

तथापि लोक या गावी येत होते ते देवळाच्याही फार आधीपासून, आणि येत होते ते एका झऱ्यासाठी. लोहयुक्त, थंडगार, बुडबुडे येणारे पाणी तेथे जमिनीतून वर येते. १९०७ साली झऱ्याचे बांधकाम दुरुस्त करताना खाली लार्च वृक्षाच्या खोडांचे पोखरलेले प्रचंड नळ सापडले, आणि त्यांत कांस्ययुगातील तलवारी. कोणीतरी त्या पाण्याला अर्पण केलेल्या. लाकडातील वर्तुळे मोजून संशोधकांनी त्या बांधकामाचा काळ ख्रिस्तपूर्व १४११ असा निश्चित केला आहे. २०१४ पासून ते नळ झऱ्याजवळच्या इमारतीत पाहावयास मिळतात. म्हणजे मोशेच्या काळाच्या आसपास, ज्यांचे नाव आणि भाषा आपल्याला ठाऊक नाही अशी माणसे एवढ्या उंचीवर चढून जात होती आणि आपली मौल्यवान शस्त्रे पाण्यात सोडून परतत होती. आपल्या भाषेत पवित्र पाण्यालाही तीर्थ म्हणतात आणि पवित्र स्थळालाही. त्या झऱ्याला दोन्ही अर्थ लागू पडतात.

या झऱ्याच्या इतिहासातील सर्वांत विचारप्रवर्तक वर्ष १५१९ हे होय. त्या वर्षी पोप दहावे लिओ यांनी झऱ्याच्या मंदिराची यात्रा करणाऱ्या भाविकांना पापदंडाची संपूर्ण माफी जाहीर केली. आपले वाचक जाणतात की पापदंडाची माफी म्हणजे पापाची क्षमा नव्हे. क्षमा ही पश्चात्तापाने आणि प्रायश्चित्त संस्काराने मिळते. क्षमा झालेल्या पापाची जी शिक्षा भोगावयाची उरते, तिच्यातून ख्रिस्तसभा सूट देते. शिकवण अशी स्पष्ट होती, परंतु बाजारात तिचे काय झाले होते? दोनच वर्षांपूर्वी, १५१७ साली, मार्टिन ल्यूथरने नेमक्या याच प्रश्नावर आपले प्रबंध मांडले होते. रोममधील संत पेत्राच्या महामंदिराच्या बांधकामासाठी पैसा उभा करताना ही माफी जणू विकत मिळते, असा समज पसरला होता. ज्या पोपमहोदयांच्या कारकिर्दीत युरोप दुभंगला, त्यांनीच आल्प्सच्या या लहानशा गावाला यात्रेचे वरदान दिले. त्या माफीत सेंट मॉरिट्झचा भाविक काही गैर करीत नव्हता. तो चालत चढून येत होता, प्रार्थना करीत होता. परंतु देवाच्या कृपेला किंमत लावल्याचा भास एकदा झाला की खऱ्या यात्रेकरूच्या घामाचेही मोल उतरते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ही चूक ओळखली, आणि १५६७ साली संत पोप पाचवे पायस यांनी पैशाशी निगडित सर्व माफ्या रद्द केल्या. पण एंगादीनच्या दृष्टीने फार उशीर झाला होता.

ग्राउब्युन्डेनमध्ये कोणता पंथ स्वीकारावयाचा याचा निर्णय त्या काळी प्रत्येक गावाने स्वतः घ्यावयाचा होता. सोळाव्या शतकात एंगादीनची गावे एकामागून एक धर्मसुधारणेच्या बाजूला गेली. शतकाच्या उत्तरार्धात सेंट मॉरिट्झही गेले. झऱ्याकडे येणारे यात्रेकरू थांबले. आम्ही कॅथलिक असल्याने याचे दुःख मानतो. परंतु इतिहास लिहिणाऱ्याने दुसरी बाजूही सांगावी. जवळच्याच सामेदान गावच्या जाकियाम बिफ्रुन या विद्वानाने १५५२ साली धर्मशिक्षणाचे पुस्तक आणि १५६० साली संपूर्ण नवा करार रोमान्श भाषेत छापून काढला. डोंगरातील शेतकऱ्यांच्या बोलीला अशी ग्रंथाची प्रतिष्ठा मिळाली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण आपल्या मराठीत १६१६ साली छापले गेले. त्याआधी अर्ध्या शतकाहून अधिक काळ हे कार्य तेथे घडले होते. लोकांच्या भाषेत देवाचा शब्द नेणारा माणूस कोणत्याही पंथाचा असो, आम्ही त्याला वंदन करतो.

आणखी एक गोष्ट लपविता येणार नाही. ज्या तिरानोत आम्ही सकाळी मिस्सा केली, त्याच गावातून १६२० सालच्या जुलै महिन्यात प्रॉटेस्टंटांच्या कत्तलीला प्रारंभ झाला. खोऱ्यातील कॅथलिकांनी शेकडो शेजाऱ्यांना ठार मारले. त्यानंतर अनेक वर्षे या खिंडींतून यात्रेकरूंऐवजी सैन्ये गेली. आज त्याच वाटेने लाल गाडी जाते, आणि डब्यात शेजारी बसलेला माणूस कोणत्या पंथाचा आहे हे कोणी विचारीत नाही. सहलीला नावे ठेवण्यापूर्वी हेही ध्यानात घ्यावे लागते.

यात्रा थांबली तरी झरा वाहतच राहिला. पॅरासेल्सस या नामांकित वैद्याने सोळाव्या शतकातच त्या पाण्याचे गुण वाखाणले होते. भाविकाची जागा हळूहळू रोग्याने घेतली. एकोणिसाव्या शतकात स्नानगृहे बांधली गेली, खाणावळी निघाल्या. परंतु हे सारे उन्हाळ्यापुरते. हिवाळ्यात गाव दारे लावून बसे. गरिबी इतकी, की खोऱ्यातील तरुण पिढ्यान्‌पिढ्या परदेशी जात आणि व्हेनिससारख्या शहरांत मिठाई आणि पाव करून पोट भरीत. १७६६ साली व्हेनिसने त्यांचे परवाने काढून घेतले, तेव्हा कित्येकांवर दुसरा देश शोधण्याची पाळी आली.

हे चित्र पालटले ते योहानेस बाड्रुट या हॉटेलमालकामुळे. १८६४ च्या सप्टेंबरात त्याने आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज मारली, असे सांगतात: "हिवाळ्यात या. येथे ऊन इतके लख्ख असते की अंगातला कोट काढावा लागेल. आवडले नाही तर प्रवासखर्च माझा." पाहुणे नाताळला आले आणि ईस्टरनंतरच परतले. या कथेला कागदोपत्री आधार फारसा नाही. परंतु त्या दशकात हिवाळी पाहुणे येऊ लागले हे खरे. पैजेची मुदत नाताळ ते ईस्टर अशी सांगितली जाते, याची आम्हांला गंमत वाटते. माणसे देवळातून बाहेर पडली तरी त्यांची दिनदर्शिका अजून देवळाचीच होती. बाड्रुटने १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात विजेचे दिवे पाहिले आणि लगोलग आपल्या हॉटेलात आणले. स्वित्झर्लंडमध्ये विजेचा दिवा प्रथम तेथे लागला. १८८४-८५ च्या हिवाळ्यात पाहुण्यांसाठी बर्फाची प्रसिद्ध घसरवाट तयार झाली. १९२८ आणि १९४८ साली हिवाळी ऑलिंपिक तेथे भरले. पैकी पहिल्या खेपेस दक्षिणेकडून असा उष्ण वारा सुटला की बर्फ वितळून स्केटिंगची एक शर्यत अर्ध्यावर सोडून द्यावी लागली. निसर्गाने यजमानांना आपली जागा दाखवून दिली.

पाहुण्यांच्या कहाण्या पुस्तकांत सापडतात. ज्यांच्या घामावर हे उभे राहिले त्यांच्या कहाण्या शोधाव्या लागतात. १९०३ साली उघडलेला, सुमारे पावणेसहा किलोमीटर लांबीचा आल्बुला बोगदा खोदताना सोळा मजुरांचे प्राण गेले. या लोहमार्गावरील आणि हॉटेलांच्या बांधकामावरील मजुरांत इटालियन कॅथलिकांची संख्या मोठी होती. ज्या गावाने तीनशे वर्षांपूर्वी मिस्सा बंद केली होती, तेथे ती पुन्हा सुरू झाली ती या श्रमिकांमुळे आणि उन्हाळी पाहुण्यांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झऱ्याजवळच्या भागात संत चार्ल्स बोरोमियो यांच्या नावाचे कॅथलिक मंदिर बांधले गेले. आम्ही तेथे रविवारच्या मिस्साला गेलो, तेव्हा बाकांवर मुख्यतः पोर्तुगीज आणि इटालियन बोलणारी माणसे होती. हॉटेलांत बिछाने घालणाऱ्या, भांडी घासणाऱ्या स्त्रिया आणि गवंडीकाम करणारे पुरुष. मिस्सा संपताच बहुतेकजण घड्याळाकडे पाहत कामावर धावले. पोपच्या आज्ञापत्राने जे टिकले नाही, ते या लोकांनी गाजावाजा न करता परत आणले. त्या गावात आम्हांला खरा यात्रेकरू भेटला असेल तर तो त्या बाकांवर.

गावाच्या वरच्या भागात संत मॉरिसच्या जुन्या देवळाचा मनोरा उभा आहे. तेहतीस मीटर उंच, आणि पिसाच्या मनोऱ्याहूनही अधिक कललेला. जमीन सरकत राहिल्याने तो कलला. त्यातील घंटा उतरवाव्या लागल्या आणि १८९३ साली त्याच्यालगतचे देऊळ पाडून टाकावे लागले. आता नुसता मनोरा आहे. त्याच्याखाली उभे राहून पर्यटक छायाचित्रे काढतात. देवळाविना उरलेला तो मनोरा पाहून आम्ही तिघेही काही वेळ गप्प राहिलो.

समृद्धीची किंमत गावाने अन्य रीतींनीही मोजली आहे. १८८० च्या जनगणनेत गावातील जवळपास निम्मी माणसे रोमान्श बोलत असत. २००० साली शंभरात पाचच्या आसपास उरली. ज्या भाषेत बिफ्रुनने नवा करार दिला, तिच्यात आज दुकानदाराला सौदा करता येत नाही. श्रीमंतांनी विकत घेतलेली घरे वर्षातील बहुतेक दिवस बंद असतात, आणि गावच्या तरुण जोडप्याला भाड्याने खोली मिळणे कठीण. २०१२ साली स्विस जनतेने सार्वमतात अगदी निसटत्या बहुमताने ठरविले की ज्या गावात अशा दुसऱ्या घरांचे प्रमाण वीस टक्क्यांहून अधिक आहे, तेथे नवी बांधू देऊ नयेत. १९८० च्या दशकात गावाच्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली. सम्राटापुढे न झुकलेल्या सैनिकाचे नाव मालाच्या वेष्टनावर गेले. बर्फाचीही तीच कथा: मोर्तेराच स्थानकापासून हिमनदीकडे जाणाऱ्या पायवाटेवर, कोणत्या साली बर्फ कोठवर होते हे सांगणारे फलक लावले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ती हिमनदी जवळपास तीन किलोमीटर मागे हटली आहे. फलकामागून फलक ओलांडीत चालताना वाटते, जणू आपण कोणा आप्ताच्या आजारपणाचा तक्ता वाचत आहोत. ज्या गावाचे पोट बर्फावर, तेथे आता कृत्रिम बर्फ पसरावे लागते.

मग सहल वाईट आणि यात्रा चांगली, असा निवाडा द्यावा काय? आम्ही देणार नाही. प्रभूने स्वतः थकलेल्या प्रेषितांना एकांतात जाऊन विसावा घेण्यास सांगितले होते. ख्रिस्तसभेलाही डोंगर परके नाहीत. पोप अकरावे पायस हे तरुणपणी नामांकित गिर्यारोहक होते. १८८९ साली त्यांनी मोंते रोझाची अवघड पूर्वबाजू चढून शिखर गाठले होते, आणि १९२३ साली त्यांनीच मेंथॉनचे संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयसंत म्हणून घोषित केले. तुरिनचा पिअर जॉर्जो फ्रासाती मित्रांना घेऊन आल्प्स चढे, बर्फावर खेळे, आणि शहरात परतल्यावर गरिबांच्या खोल्यांचे जिने चढे. १९२५ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी, तो वारला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी त्याला संत म्हणून घोषित केले. एकाच जीवनात सहल आणि यात्रा कशी सामावते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

सेंट मॉरिट्झमध्ये जोव्हानी सेगान्तिनी या चित्रकाराचे संग्रहालय आहे. खोऱ्यातील हॉटेलवाल्यांच्या पैशावर १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी एंगादीनचे भव्य चित्र उभारण्याचा त्याचा बेत होता. खर्च झेपेना म्हणून तो बारगळला, आणि त्याने तीन चित्रे काढावयास घेतली: जीवन, निसर्ग आणि मृत्यू. १८९९ च्या सप्टेंबरात, २,७०० मीटरांहून उंच डोंगरावर चित्र रंगवीत असतानाच, एक्केचाळिसाव्या वर्षी तो वारला. मृत्यूच्या चित्रात बर्फाच्छादित घराबाहेर शोक करणाऱ्या स्त्रिया आहेत, शव नेण्यासाठी घसरगाडी थांबली आहे आणि वर आकाशात एक ढग उजळला आहे. हॉटेलवाल्यांना जाहिरात हवी होती. चित्रकाराने त्यांना अंत आणि आशा दिली. खोलीतील बाकावर एक वृद्ध जोडपे हात हातात घेऊन त्या चित्रापुढे बसले होते. ते सहलीला आले होते की यात्रेला, हे कोणी सांगावे?

आपल्या धर्मग्रामांतूनही दरवर्षी बसगाड्या निघतात. मोतमाउलीला, वेलंकण्णीला, आणि अलीकडे जमल्यास युरोपलाही. जाताना जपमाळ होते, येताना चित्रपटातील गाणी. त्याबद्दल आम्ही कोणाला दटावणार नाही. मात्र निघण्यापूर्वी दोन गोष्टी मनाशी ठरवाव्यात, असे सुचवावेसे वाटते. ज्या गावी आपण जातो तेथे जाणाऱ्याचे नव्हे, तर राहणाऱ्याचे घर आहे. त्याची भाषा, त्याचे पाणी आणि आपला बिछाना घालणारे हात यांची आठवण ठेवावी. आणि डोंगरावर जे पाहिले ते खाली घेऊन यावे. रूपांतराच्या डोंगरावर पेत्राला इतके बरे वाटले की त्याने तेथेच तीन मंडप घालण्याची भाषा केली. प्रभूने त्याला रागावले नाही. फक्त खाली आणले. पायथ्याशी एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन वाट पाहत उभा होता.

आमची परतीची गाडी संध्याकाळी तिरानोला पोहोचली, तेव्हा मंदिराची दारे अजून उघडी होती. सकाळी सहलीची थट्टा करणारा सोबती काही न बोलता आत गेला आणि शेवटच्या बाकावर गुडघे टेकून बसला. आम्ही दोघेही त्याच्या शेजारी जाऊन बसलो.